बारीक माणसाची शुगर

मधुमेह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेला माणूस येतो. पोट सुटलेला, गादीवर बसून धंदा करणारा, लग्नाच्या पंगतीत जिलेबी पुढे आली की ‘नको, शुगर आहे’ म्हणणारा. आमच्या मोहल्ल्यातली जुनी माणसं या दुखण्याला ‘शक्कर की बीमारी’ म्हणतात, आणि ते सांगताना त्यांच्या आवाजात थोडी श्रीमंतीही डोकावते. गडचिरोलीच्या जंगलात पहाटे मोहफुलं वेचायला जाणारी, पेज पिऊन दिवस काढणारी, चाळीस किलो वजनाची बाई या चित्रात कुठेच बसत नाही. आपल्याला शुगर असेल असं तिला वाटत नाही, घरच्यांना वाटत नाही, आणि पुष्कळदा डॉक्टरलाही वाटत नाही.

हे चित्र अपुरं आहे हे दाखवणारं संशोधन जगभर झालं, पण त्यातला महत्त्वाचा भाग आपल्या महाराष्ट्रात झाला. पुण्याजवळच्या खेड्यांत झाला तो थेट मधुमेहावर होता. गडचिरोलीत झाला तो वेगळ्याच कारणासाठी होता. दोन्हीकडे मुळाशी एक साधी गोष्ट होती: जन्मलेल्या बाळाचं वजन करून ते वहीत लिहून ठेवणं. त्या वह्यांचा हा इतिहास आहे.

सुरुवात मात्र फार मागून करावी लागेल, कारण बारीक रोगी जुन्या वैद्यांना नीट माहीत होता. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन रोगी वेगळे सांगितले आहेत. एक जन्मतःच रोग घेऊन आलेला: कृश, रुक्ष, कमी खाणारा, सतत तहानलेला. दुसरा अपथ्याने रोग ओढवून घेतलेला: स्थूल, खादाड, झोपाळू. उपचारही वेगळे. जाड रोग्याचं खाणं आवरायचं, बारीक रोग्याला मात्र चांगलं अन्न देऊन त्याचं बळ वाढवायचं. युनानी परंपरेत इब्न सीनाने अकराव्या शतकात ‘अल-कानून’मध्ये या रोगाचं वर्णन केलं. हकीम त्याला जियाबेतुस म्हणत, आणि त्याचं आणखी एक नाव होतं ‘दुलाब’, म्हणजे रहाट. पाणी वरून ओतत राहायचं आणि खालून जात राहायचं, तहान काही भागत नाही. या नावात चरबीचा, ऐश्वर्याचा कुठेच उल्लेख नाही. रोग्याची तहान तेवढी आहे.

विसाव्या शतकात मधुमेहाचं शास्त्र झपाट्याने वाढलं. १९२१ साली टोरांटोत इन्सुलिन सापडलं आणि मरणाच्या दारातली मुलं परत आली. पण संशोधन जिथे पैसा आणि प्रयोगशाळा होत्या तिथे झालं, त्यामुळे रोगीही तिथलेच अभ्यासले गेले. पाठ्यपुस्तकात दोन प्रकार पक्के झाले. पहिला लहानपणी अचानक होणारा, दुसरा वय आणि वजन वाढल्यावर होणारा. सुश्रुताचा कमी खाणारा कृश रोगी या दोन खणांच्या मध्ये कुठेतरी पडून राहिला.

आता गडचिरोलीकडे वळू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला. जंगल, धानाची शेती, गोंड आणि माडिया वस्ती, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की जगापासून तुटणारं भामरागड. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून परतले आणि १९८६च्या सुमारास त्यांनी इथे ‘सर्च’ संस्थेचं काम सुरू केलं. पहिला गाजलेला अभ्यास वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या बायकांचा. ६५० बायका तपासल्या, त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के. १९८९ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि खेड्यातल्या बाईचं दुखणं पहिल्यांदा आकड्यांत जगासमोर मांडलं गेलं.

पुढे शोधग्राम वसवलं तेव्हा तिथल्या आदिवासींनी दवाखाना आपल्या घरांसारखा हवा असं सांगितलं. म्हणून झोपड्यांसारखा दवाखाना उभा राहिला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं गेलं. संशोधन कोणासाठी करायचं हे ठरवताना त्या माणसांनाच विचारायचं, ही रीत तिथे पडली.

१९९५ साली ३९ गावांत एक नवं काम सुरू झालं. प्रत्येक गावातली थोडंफार शिकलेली एक बाई निवडून तिला आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळंतपणाच्या वेळी हजर राहायचं, बाळाला ऊब द्यायची, श्वास बघायचा, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि बाळ काट्याला टांगून त्याचं वजन वहीत लिहायचं. पहिल्या वर्षी ७६३ नवजात बाळांच्या नोंदी झाल्या. त्यांतली ४२ टक्के बाळं अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. त्या भागात हजारातली ६२ बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. आरोग्यदूतांनी घरोघरी उपचार सुरू केले आणि तिसऱ्या वर्षी हा आकडा २५च्या आसपास आला. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आज देशभर आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ बघते, त्या योजनेचं मूळ या ३९ गावांत आहे.

इथवरची गोष्ट अनेकांना माहीत असते. पण त्या ४२ टक्के बाळांचं पुढे काय, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. बाळ जगलं की आपली गोष्ट संपते. शरीराची गोष्ट तिथे संपत नाही, हे समजायला आणखी एका वहीकडे जावं लागतं. ती इंग्लंडमध्ये आहे.

हर्टफर्डशर परगण्यात १९११पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या आरोग्य अधिकारी बाईंच्या हाताखालच्या परिचारिका घरोघरी जाऊन बाळांची वजनं लिहीत. बाळ जन्मलं किती वजनाचं, वर्षाचं झालं तेव्हा किती. त्या वह्या कित्येक दशकं तशाच पडून होत्या. १९८०च्या दशकात साउथॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांच्या गटाला त्या मिळाल्या. त्यांनी त्यातल्या बाळांचा शोध घेतला. ती आता म्हातारी झाली होती, काही वारली होती. १९८९ साली बार्कर यांनी दाखवलं की लहानपणी कमी वजन असलेल्या पुरुषांत हृदयविकाराने मरणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. १९९१ साली त्यांनी आणि निकोलस हेल्स यांनी चौसष्टीतल्या पुरुषांना ग्लुकोज पाजून रक्त तपासलं. जन्मतः सगळ्यांत लहान असलेल्यांच्या रक्तातली साखर सगळ्यांत जास्त बिघडलेली निघाली.

त्यांनी याचं दिलेलं स्पष्टीकरण समजायला सोपं आहे. पोटातल्या बाळाला अन्न कमी मिळालं की ते काटकसर करतं. मेंदूला आधी वाटा मिळतो. स्नायू, यकृत, आणि इन्सुलिन तयार करणारं स्वादुपिंड यांच्या वाट्याला उरलेलं येतं. दुष्काळात घर चालवणारी बाई जशी आधी धान्य वाचवते, घराची डागडुजी मागे टाकते, तसंच. पुढे आयुष्यभर त्या कमी भांडवलावरच साखरेचा हिशोब सांभाळायचा असतो. अन्न जरा वाढलं, काम जरा कमी झालं की तो हिशोब कोलमडतो.

हाच प्रश्न पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आपल्या रोग्यांकडे बघून विचारत होते. १९९३ साली त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. बायकांना दिवस जाण्याच्या आधीपासून मोजायला सुरुवात केली. मग गरोदरपण, मग बाळ, मग ते बाळ वाढत असताना पुन्हा पुन्हा. त्या गावांतली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास होती, साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. पुण्याची बाळं सगळीकडून लहान होती, पण सारखी लहान नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव फार कमी पडले होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार.

२००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्लिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभ्याने काढलेला फोटो आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा: २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकच सांगत होता आणि शरीरं वेगळं. त्या एका फोटोने जगभरच्या डॉक्टरांना जे पटलं ते शंभर तक्त्यांनी पटलं नसतं.

त्या सहा गावांतली मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. मुलांपैकी ३७ टक्क्यांच्या आणि मुलींपैकी १८ टक्क्यांच्या रक्तातली साखर बिघडायला लागली होती, बहुतेकांची मधुमेहाच्या अलीकडच्या पायरीवर. आणि ही मुलं बारीकच होती. ज्यांची वाढ पोटात कमी झाली होती, त्यांच्यात हा धोका जास्त दिसला.

आता पुन्हा गडचिरोलीत येऊ. १९९५ साली, म्हणजे आरोग्यदूत बाळांची वजनं लिहायला लागल्या त्याच वर्षी, डॉ. अभय बंग यांना स्वतःला हृदयविकाराने गाठलं. त्यावरचं त्यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ मराठी घरांत भरपूर वाचलं गेलं. शहरी वाचकाने त्यात स्वतःला पाहिलं: ताण, आहार, व्यायाम. ज्या जिल्ह्यात बसून ते लिहिलं गेलं, त्या जिल्ह्यातल्या खेड्यांतही हीच दुखणी असतील असं फार थोड्यांच्या मनात आलं असेल.

ते आकड्यांत दिसलं २०१५ साली. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सर्चच्या सहकाऱ्यांनी ८६ गावांतला दोन वर्षांतला प्रत्येक मृत्यू तपासला. घरी जाऊन नातेवाइकांना विचारायचं, लक्षणं लिहायची आणि कारण ठरवायचं. एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात १५९९ मृत्यू झाले. त्यांतले २२९ पक्षाघाताने, म्हणजे सातातला एक. कोणत्याही दुसऱ्या एका कारणाने इतकी माणसं गेली नव्हती. मलेरिया आणि कुपोषणाचा जिल्हा म्हणून ज्याची ओळख, तिथे सर्वांत मोठं कारण लकवा निघालं. आणि त्यांतले ८७ टक्के लोक घरीच गेले होते.

पक्षाघाताचं मोठं कारण रक्तदाब, आणि गडचिरोलीत त्याला तंबाखू आणि खर्र्याची जोड आहे. सगळा दोष जन्माच्या वजनावर टाकता येणार नाही. पण रक्तदाब, साखर आणि रक्तवाहिन्यांचे विकार ही एकाच घरातली भावंडं आहेत. २०१८ साली डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने देशातल्या आदिवासी आरोग्यावर अहवाल दिला. त्यात आदिवासींवर तिहेरी ओझं असल्याचं म्हटलं आहे: एक कुपोषण आणि संसर्गाचं, दुसरं रक्तदाब-मधुमेहासारख्या आजारांचं, तिसरं मानसिक आजार आणि व्यसनांचं. पहिलं ओझं उतरायच्या आत दुसरं चढलं. बार्कर आणि याज्ञिक यांचं काम वाचल्यावर यातला एक दुवा लक्षात येतो. दुसऱ्या ओझ्यातला काही भाग पहिल्यातूनच आलेला आहे.

गडचिरोलीत आणखी एक अडचण आहे, आणि ती प्रयोगशाळेतली आहे. मधुमेह तपासायला हल्ली एचबीएवनसी ही चाचणी सर्रास करतात. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. त्यामागचं गृहीत असं की तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. विदर्भात, आणि आदिवासी भागात विशेष करून, सिकलसेल आढळतो. सिकलसेलच्या रोग्याची तांबडी पेशी दहा-वीस दिवसांतच मोडते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, मग चाचणीचा आकडा कमी येतो आणि रोगी ‘नॉर्मल’ ठरतो. अशा माणसाची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर थेट तपासली पाहिजे. डॉक्टरांना हे ठाऊक असतं. पण समोरचा माणूस बारीक असला तर संशयच येत नाही, आणि संशय आला नाही तर दुसरी चाचणी कोण करणार?

दरम्यान त्या विसरलेल्या कृश रोग्याचंही दप्तर उघडलं जात होतं. १९५५ साली फिलिप ह्यू-जोन्स यांनी जमैकात असे रोगी पाहिले जे दोन्ही खणांत बसत नव्हते. १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ‘कुपोषणाशी संबंधित मधुमेह’ असा वेगळा वर्ग केला. १९९९ साली पुरेसा पुरावा नाही म्हणून तो काढून टाकला. नाव गेलं, रोगी राहिले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने न्यू यॉर्कच्या संशोधकांबरोबर अशा बारीक रोग्यांची बारकाईने तपासणी केली. २०२२ साली त्यांनी दाखवलं की यांच्यातला मुख्य बिघाड इन्सुलिन कमी तयार होण्याचा आहे. इन्सुलिनला शरीर दाद देत नाही हा नेहमीचा प्रकार यांच्यात तितका नाही. एप्रिल २०२५मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह संघटनेने त्याला ‘टाइप ५’ हे नाव दिलं. सगळ्या संशोधकांना ते पटलेलं नाही, वाद चालू आहे. याज्ञिकांचा ‘बारीक पण चरबीदार’ माणूस आणि हा खरोखर कृश रोगी एकच नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. पण दोघांची मुळं एकाच मातीत आहेत. आईच्या आणि बाळाच्या पोटात अन्न कमी पडलं होतं.

याने उपचारात फरक पडतो. कृश रोग्याला इन्सुलिनचा जास्त डोस दिला तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते, विशेषतः ज्या घरात पुढचं जेवण नक्की नसतं तिथे. आणि त्याला ‘कमी खा, रोज चाला’ असं सांगणं म्हणजे डोक्यावर मोळी घेऊन जंगलातून चालत येणाऱ्या बाईची थट्टा आहे. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर बारा तास उभं राहणाऱ्या माणसालाही हाच सल्ला मिळतो, म्हणून ही गोष्ट एकट्या गडचिरोलीची राहत नाही. सुश्रुताने बारीक रोग्याला चांगलं खायला घालायला सांगितलं होतं. रेशनच्या तांदळाबरोबर डाळ, तेल आणि अंडं त्या घरात पोचणं हा त्याच्या उपचाराचा भाग आहे.

आता एक हिशोब करून बघा. सरकारी योजनेत आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरते. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि घरात कोणाला हे आजार आहेत का, याला गुण असतात. तपासणी सगळ्यांचीच करायची असते, पण ज्यांचे गुण चारपेक्षा जास्त, त्यांना आधी पाठवायचं. गडचिरोलीतल्या एकतीस वर्षांच्या बारीक, कष्टाळू बाईला वयाचा एक गुण मिळतो. कंबर बारीक, शून्य. दिवसभर अंगमेहनत, शून्य. आईवडिलांची शुगर कधी कोणी तपासलीच नाही, म्हणून शून्य. रोज खर्रा खात असेल तर आणखी दोन. एकूण तीन. ती रांगेत मागेच राहते. जन्मताना तुझं वजन किती होतं, हा प्रश्न त्या फॉर्ममध्ये नाही.

आणि ३९ गावांपुरतं बोलायचं तर या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवलेलं आहे. १९९५ साली आरोग्यदूतांनी काट्याला टांगलेली ती बाळं आज तिशीत आली आहेत. हर्टफर्डशरच्या लोकांपर्यंत त्यांची वही पोचायला साठ-सत्तर वर्षं लागली, तोवर त्यांतले अनेक गेले होते. इथे तेवढा उशीर व्हायचं कारण नाही. ज्या बाळांना घरी जाऊन जगवलं, त्यांच्याच घरी एकदा ग्लुकोमीटर आणि रक्तदाबाचं यंत्र घेऊन जायचं आहे. बाकी जिल्ह्यात फॉर्ममध्ये एक ओळ वाढवायची आहे. आईला आठवत असेल तर वजन, नसेल तर एवढंच: जन्मलीस तेव्हा तू फार लहान होतीस का? गावातल्या आयांना हे पक्कं आठवतं.